फ्लिपर चाकू दोन दिवस झर्रकन उघडतो, मग पुन्हा अडतो: कारण कसं शोधायचं

चाकू खोलून साफ केला, तेल घातलं, पिव्हटचा, म्हणजे पातं ज्या आसाभोवती फिरतं त्याचा, स्क्रू जरा सैल केला. पातं झर्रकन बाहेर आलं. दोन दिवसांनी तेच पातं अर्ध्यावर थांबलं. पुन्हा स्क्रू सैल, पुन्हा तेल, पुन्हा तेच रडगाणं. फ्लिपर चाकूंबद्दलची (पात्याचा मुठीबाहेर डोकावणारा टॅब बोटाने दाबून उघडायच्या घडीच्या चाकूंबद्दलची) ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यावर मिळणारा नेहमीचा सल्लाही एकच: स्क्रू सैल करा, तेल घाला. या सल्ल्याने घटकाभर बरं वाटतं. मूळ दोष मात्र तसाच राहतो, आणि पुष्कळदा त्यात सैल स्क्रूमुळे आणखी एकाची भर पडते.

दोष परत यायला किती वेळ लागतो, याकडे आधी लक्ष द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अडणारा चाकू, पंचवीस-तीस वेळा उघडल्यावर अडणारा चाकू आणि आठवडाभर खिशात राहिल्यावर अडणारा चाकू, या तिघांचं दुखणं वेगवेगळं आहे. स्क्रूड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी एवढी नोंद केली तरी निम्मं निदान झालेलं असतं.

पातं नेमकं कशाने उडतं

साध्या फ्लिपरमध्ये पात्याला ढकलणारी स्प्रिंग नसते. (स्प्रिंगच्या मदतीने उघडणारे चाकू वेगळे. त्यांच्या मुठीत ताणलेली तार असते आणि ती अंगावर उडू शकते, त्यामुळे खाली दिलेली खोलण्याची पद्धत त्यांना लावू नका.) पात्याचा जो जाड भाग मुठीत पिव्हटभोवती फिरतो, त्याला आपण बुंधा म्हणू. बुंध्याच्या एका बाजूला एक बारीक भोक असतं. लॉकबारमध्ये, म्हणजे उघडलेलं पातं अडवून धरणाऱ्या मुठीतल्या पट्टीत, साधारण १.५ ते १.६ मिमी व्यासाची पोलादी किंवा सिरॅमिक गोळी ठोकून बसवलेली असते. चाकू मिटला की ही गोळी त्या भोकात बसते आणि पातं आत धरून ठेवते. हाच डिटेंट.

बोटाने टॅब दाबला तरी पातं लगेच हलत नाही. बोटात जोर साठत जातो. गोळी भोकाच्या काठावरून निसटली की साठलेला सगळा जोर एका क्षणात पात्यात जातो आणि पातं उडतं. म्हणजे वेगाने उघडायला डिटेंटचा अडथळा लागतोच. पिव्हट लोण्यासारखा फिरत असला आणि डिटेंट कमकुवत असला, तर पातं नुसतं घरंगळत बाहेर येतं आणि वाटेत थांबतं.

आता मापं बघा. भोक गोळीपेक्षा लहान असतं, म्हणून गोळी तळाला न टेकता भोकाच्या काठावर बसते. १.६ मिमीची गोळी १.२ मिमीच्या भोकात जेमतेम ०.२७ मिमी उतरते. चाकूचा सगळा झटका या पाव मिलिमीटरवर उभा आहे. भोकात कीट बसून ही खोली ०.१ मिमीने कमी झाली, तरी बोटाला फरक लगेच जाणवतो.

गोळी भोकातून निसटल्यावर तिचं काम संपत नाही. लॉकबार स्वतःच एक पट्टीची स्प्रिंग आहे. तिच्या दाबाने गोळी बुंध्याच्या बाजूवर घासत जाते आणि पातं पूर्ण उघडेपर्यंत ब्रेकसारखी लागून असते. बुंध्यावर दिसणारी ती कमानीसारखी चकचकीत रेघ म्हणजे गोळीचा रस्ता.

तेव्हा पातं नीट उडत नसेल तर तीनच ठिकाणी बघायचं: डिटेंटची पकड, गोळीचं घर्षण आणि पिव्हटचं घर्षण. यातलं कोणतं, हे कळण्याआधी पिव्हटचा स्क्रू फिरवणं म्हणजे अंदाजाने औषध घेणं.

काहीही न खोलता करायच्या चाचण्या

पहिली चाचणी सगळ्यात कामाची आहे. पातं अर्धं उघडा. आता लॉकबार अंगठ्याने बाहेर सारून धरा, चाकू मिटताना धरता तसाच, म्हणजे गोळी बुंध्यापासून सुटेल. लॉकबार केसभर सारला तरी पुरतं, उगाच ताणू नका. बोटं धारेच्या वाटेतून दूर ठेवा आणि मूठ हळूच डावी-उजवीकडे कलती करा. पातं स्वतःच्या वजनाने मोकळं झुललं तर पिव्हट ठणठणीत आहे आणि घर्षण गोळीचं आहे. गोळी सुटूनही पातं जड हललं तर पिव्हटकडे वळा. वॉशरवर (पिव्हटभोवतीच्या सपाट चकतीवर) फिरणारा चाकू बेअरिंगवाल्याइतका (बारीक छर्ऱ्यांवर फिरणाऱ्याइतका) मोकळा झुलणार नाही, हे गृहीत धरा. तिथे पातं धक्के न खाता, एकसारखं सरकतं का ते बघायचं.

दुसरी चाचणी: मिटलेला चाकू पात्याची फट खाली करून धरा आणि मनगटाने दोन-तीन हलके हिसके द्या. खाली मऊ कापड असू द्या. पातं बाहेर डोकावलं तर डिटेंट कमकुवत आहे. मग मिटलेलं पातं चिमटीत धरून उघडण्याच्या दिशेला अगदी थोडं हलवून बघा. गोळी निसटण्याआधीच पातं टकटक असं मागेपुढे हलत असेल, तर गोळी भोकात घट्ट बसत नाहीये. तेवढ्या मोकळ्या जागेत बोटाचा जोर वाया जातो.

तिसरी: पातं हाताने सावकाश उघडा आणि खरखर कुठे लागते ते बघा. दर वेळी एकाच जागी लागली तर तिथे गोळीच्या रस्त्यावर ओरखडा, बेअरिंगच्या चाकोरीत खळगा किंवा अडकलेला कण आहे. सगळ्या प्रवासात सारखीच लागली तर धूळ किंवा कोरडेपणा.

चौथी, आणि ही लोक हमखास टाळतात: चाकू धरण्याची पद्धत तपासा. फ्रेमलॉकमध्ये मुठीची एक बाजूच कापून लॉकबार केलेला असतो, आणि उजव्या हाताने धरल्यावर बोटांची टोकं नेमकी त्याच्यावर येतात. बोटांनी लॉकबार आत दाबला की गोळी भोकात जास्त जोराने रुतते. टॅब जड लागतो, आणि निसटल्यावरही गोळी बुंध्याला आवळून धरते. ‘कधी छान उघडतो, कधी अजिबात नाही’ अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा. बोटांची टोकं खिशाला अडकवायच्या क्लिपवर किंवा पिव्हटच्या जवळ टेकवा, लॉकबारची पट्टी पूर्ण मोकळी ठेवा आणि वीस वेळा उघडून बघा. वीसच्या वीस वेळा उडाला तर चाकूत काहीही बिघाड नाही.

टॅब दाबण्याची दिशाही महत्त्वाची आहे. काही चाकूंचा टॅब बोटाने मुठीच्या शेपटाकडे ओढावा लागतो, काहींचा घंटेच्या बटणासारखा सरळ आत दाबावा लागतो. टॅब उंच आणि टोकदार असेल तर बहुधा पहिली पद्धत चालते, बुटका आणि गोलसर असेल तर दुसरी. दोन्ही करून बघा. मनगटाचा हिसका मात्र देऊ नका. मनगटाच्या मदतीशिवाय न उघडणारा फ्लिपर दुरुस्तीला आलेला असतो, आणि हिसका द्यायची सवय लागली की तो दोष लक्षातच येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अडतो

जोडल्यावर संध्याकाळी मस्त, सकाळी गच्च. हे लक्षण दिसलं तर संशय थ्रेडलॉकरवर घ्या. स्क्रूच्या आट्यांना लावायचं हे द्रव हवा मिळत नसेल आणि धातूचा स्पर्श असेल तेव्हाच घट्ट होतं. स्क्रूला जास्त लावलं की स्क्रू आत जाताना उरलेलं द्रव पिव्हटच्या नळीवरून ओघळतं आणि बेअरिंगमध्ये किंवा वॉशरखाली शिरतं. तिथेही धातूमध्ये धातू आणि हवा नाही. त्यामुळे ते तिथेही घट्ट होतं, फक्त काही तास घेतं. पूर्ण घट्ट व्हायला साधारण २४ तास लागतात, आणि स्टेनलेस किंवा टायटॅनियमवर त्याहून जास्तही. म्हणून जोडल्या-जोडल्या काही कळत नाही.

यावर वरून तेल सोडून उपयोग नाही. चाकू पूर्ण खोला, घट्ट झालेले कण लाकडी दातकोरणीने खरवडा आणि धातूचे भाग ॲसिटोनने पुसा. ॲसिटोनने ते कण मऊ पडतात, विरघळत नाहीत, त्यामुळे खरवडण्याला पर्याय नाही. बेअरिंगचा प्लॅस्टिकचा पिंजरा (छर्रे जागेवर धरणारी कडी) आणि मुठीचे प्लॅस्टिक वा लाकडाचे भाग ॲसिटोनपासून दूर ठेवा.

परत जोडताना स्क्रूचे आणि नळीचे आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल जाईपर्यंत पुसा. तेलकट आट्यांवर थ्रेडलॉकर नीट धरत नाही, मग माणूस आणखी लावतो आणि ते आणखी ओघळतं. दातकोरणीच्या टोकावर जेवढं राहील तेवढंच घ्या आणि स्क्रूच्या टोकाकडच्या दोन-तीन आट्यांवर पसरवा. लॉकटाइट २२२, म्हणजे जांभळं, या आकाराच्या स्क्रूंसाठीच योग्य. निळं २४३ चालतं, पण पुढच्या वेळी स्क्रू काढताना झगडावं लागतं. लाल अजिबात नको. ते सोडवायला २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं, आणि तेवढ्या उष्णतेत बेअरिंगचा पिंजरा आणि मुठीचे प्लॅस्टिक खराब होतात. वारंवार चाकू खोलणाऱ्यांना व्हायब्रा-टाइट व्हीसी-३ जास्त सोयीचं पडेल. ते आट्यांवर लावून आधी वाळू द्यायचं आणि मगच स्क्रू बसवायचा. त्यामुळे ते ओघळत नाही, आणि स्क्रू पुन्हा सोडवून बसवला तरी पकड टिकते.

पंचवीस-तीस वेळा उघडल्यावर अडतो

इथे पिव्हटचा स्क्रू आपणहून फिरतोय. बऱ्याच चाकूंमध्ये पिव्हटच्या नळीची एक कड सपाट असते आणि मुठीतल्या भोकालाही तसाच आकार असतो, त्यामुळे नळी फिरू शकत नाही. नळी पूर्ण गोल असेल तर पात्याबरोबर ती थोडी थोडी फिरते आणि स्क्रूही हलतो. बहुधा सैल होतो, क्वचित घट्टही होतो.

ओळखायला सोपं आहे. स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारी मुठीवर मिळून एकच बारीक रेघ मार्करने ओढा. पन्नास वेळा चाकू उघडा-मिटा. रेघ तुटली तर कारण सापडलं. उपाय वर सांगितलाच आहे: आटे स्वच्छ करून थेंबभर जांभळं थ्रेडलॉकर, आणि ते घट्ट होईपर्यंत, म्हणजे २४ तास, चाकू फार न हाताळणं. मधल्या वेळात तो सारखा उघडून बघायचा मोह होतो, पण त्याने पकड तुटते.

स्क्रू सैल झाल्यावर पातं जास्त मोकळं फिरायला हवं, मग ते अडतं का, हा रास्त प्रश्न आहे. सैल पिव्हटमध्ये पातं बाजूला सरकतं आणि थोडं तिरकं होतं. लॉकबारपासून ते दूर गेलं की गोळीचा दाब कमी होतो आणि गोळी भोकाच्या मधोमध बसत नाही, म्हणजे डिटेंट मऊ पडतो. त्यात पात्याची एक बाजू लायनरला (मुठीच्या आतल्या धातूच्या पट्टीला) घासू लागते. स्क्रू सैल करण्याचा सल्ला उलटतो तो यामुळेच. गच्च पिव्हट मोकळा झाल्याने पहिले काही दिवस बरे जातात, मग मऊ पडलेला डिटेंट आणि तिरकं पातं आपला हिशेब चुकता करतात.

आठवडाभर खिशात राहिला की अडतो

खिशातली कापसाची लव, धूळ, घाम, आणि त्यात गरजेपेक्षा जास्त तेल. पातळ तेल स्वतः पातं अडवत नाही, ते लव धरून ठेवतं. काही दिवसांत पिव्हटभोवती काळसर लगदा तयार होतो आणि तोच डिटेंटच्या भोकात भरतो. मग गोळी पूर्ण उतरत नाही. चाकू पिव्हटमध्ये जड आणि डिटेंटमध्ये हलका, असा दोन्हीकडून नाडला जातो.

प्रत्येक बेअरिंगला सुईच्या टोकावर राहील एवढा एक थेंब बास होतो. गोळीच्या रस्त्यावर तेल बोटाने पुसल्यासारखं, नुसता ओलसरपणा दिसेल एवढं. जोडल्यावर तेल बाहेर येताना दिसलं तर ते जास्त झालेलं आहे. शिवणयंत्राचं पातळ तेल किंवा चाकूच्या पिव्हटसाठी मिळणारं पातळ तेल, दोन्ही चालतात. फळं-भाज्या कापायला चाकू वापरत असाल तर खाण्यायोग्य खनिज तेल घ्या. स्वयंपाकाचं तेल मात्र कधीच नको. हवेशी संयोग होऊन ते चिकट होत जातं आणि काही आठवड्यांत गोंदासारखं काम करतं. गंज सोडवायचे पातळ फवारे मळ धुवायला ठीक, पण त्यांतला पातळ भाग उडून जातो आणि उरलेला थर पिव्हटला फार दिवस पुरत नाही. फवारा मारल्यावर दोन दिवस झकास आणि मग कोरडी खरखर, ही तक्रार त्यातूनच येते.

ब्राँझच्या वॉशरवर फिरणाऱ्या चाकूत तेलाचा दाटपणा आणखी महत्त्वाचा ठरतो. वॉशरचा सपाट पृष्ठभाग मोठा असतो. दाट तेल किंवा ग्रीस घातलं की दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटाव्यात तसं होतं आणि पातं सुस्त होतं, थंडीत तर जास्तच. बेअरिंगमध्ये फक्त छर्ऱ्यांची टोकं टेकतात, त्यामुळे तिथे हा फरक कमी जाणवतो.

महिनोन् महिने चांगला होता, मग हळूहळू मंदावला

ही झीज आहे. ती कुठे आहे हे भिंगातून बघावं लागेल, आणि त्यासाठी चाकू खोलावा लागेल. खोलल्याने वॉरंटी जाणार का, ते आधी तपासा. जात असेल तर चाकू बनवणाऱ्याकडेच पाठवा.

खोलताना हा क्रम ठेवा:

१. धारेवर कागदी टेपचे दोन-तीन थर गुंडाळा. पातं पिव्हटमधून सुटतं तेव्हाच सगळ्यात जास्त बोटं कापतात.

२. कडा असलेल्या ताटात पांढरं कापड अंथरून त्यावर काम करा. आयकेबीएस पद्धतीच्या बेअरिंगमध्ये छर्रे पिंजऱ्याविना, सुटे, चाकोरीत ठेवलेले असतात आणि मूठ उचलताच ते चौफेर पळतात.

३. मुठीच्या स्क्रूंना बहुधा टी६ आणि पिव्हटला टी८ (चांदणीच्या आकाराचं टॉर्क्स) बिट लागतं, काही मोठ्या चाकूंना टी१०. बिट खाचेत तळापर्यंत आणि सरळ बसायला हवं. स्क्रू हलत नसेल तर जोर वाढवू नका. गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर २०-३० सेकंद टेकवा, थ्रेडलॉकर मऊ पडेल, मग फिरवा. टी६ ची खाच एकदा गोल झाली की पुढची सगळी दुरुस्ती अवघड होते.

४. आधी क्लिप, मग मुठीचे स्क्रू, शेवटी पिव्हट. प्रत्येक स्क्रू कुठून निघाला तसा कापडावर मांडा आणि फोटो काढा. लांबीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असलेले दोन स्क्रू नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात.

५. पातं उचलण्यापूर्वी बेअरिंग, पोलादी वॉशर आणि पातं कोणत्या क्रमाने आहेत याचा फोटो काढा, दोन्ही बाजूंचा.

हा पाचवा टप्पा का, तर टायटॅनियमची किंवा जी-१० ची (काचतंतू आणि रेझिनच्या थरांची) मूठ असेल तर बेअरिंग आणि मूठ यांच्यामध्ये बहुधा कडक पोलादाचा पातळ वॉशर असतो. तो तेलाने मुठीला चिकटून राहतो, साफसफाईत निसटतो, आणि जोडताना विसरला जातो किंवा चुकीच्या बाजूला बसतो. मग छर्रे थेट मुठीच्या मऊ पृष्ठभागावर फिरतात आणि त्यात चाकोरी खोदतात. चाकू पहिल्या दिवशी चांगला वाटतो, कारण चाकोरी अजून उथळ असते. नंतर ती खोल होते, पातं बाजूला हलू लागतं, स्क्रू घट्ट करावा लागतो, आणि बेअरिंगचा पिंजरा घासू लागतो. पिंजऱ्यातून छर्रे दोन्ही बाजूंना सारखेच डोकावतात का, हेही बघून घ्या. एका बाजूला कमी डोकावत असतील तर मूळ बाजू उलटवू नका.

पोलादी छर्ऱ्यांवर तपकिरी ठिपके दिसले तर घामाचा गंज लागला आहे. असं बेअरिंग बदलावं. धुऊन खरखर जात नाही. बदलताना बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी तिन्ही मोजा. जाडीत ०.१ मिमीचा फरक पडला तरी पातं एका बाजूला झुकतं.

आता बुंधा भिंगाखाली धरा. डिटेंटच्या भोकाचा काठ धारदार गोल दिसायला हवा. भोकातला लगदा टोकदार दातकोरणीने काढा आणि ९० टक्के किंवा जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिलने पुसा. तिथे पोलादी सुई, ड्रिल किंवा पॉलिश पेपर नेऊ नका. काठ गोलसर झाला की डिटेंट कायमचा मऊ पडतो, आणि तो काठ घरी परत आणता येत नाही. गोळीच्या रस्त्यावर खडबडीतपणा असेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर बोटावर धरून दोन-चार हात फिरवा, पण भोकापासून निदान २ मिमी अंतर सोडून. काळा लेप असलेल्या किंवा वाळूच्या फवाऱ्याने खरखरीत केलेल्या नव्या पात्यावर गोळी सुरुवातीला खरखरतेच. शे-दोनशे वेळा उघडल्यावर रस्ता आपोआप गुळगुळीत होतो, तिथे पेपर लावायची घाई नको.

गोळीही तपासा. पोलादी गोळीचं टोक सपाट झालेलं दिसू शकतं, सिरॅमिक सहसा झिजत नाही. सपाट झालेली किंवा हलणारी गोळी बदलणं हे प्रेसवर करायचं काम आहे. हातोडीने ठोकायला गेलात तर लॉकबार वाकेल.

गोळी, भोक आणि रस्ता तिन्ही ठीक असूनही डिटेंट मऊ असेल, तर लॉकबारचा ताण गेला आहे. चाकू मिटताना लॉकबार गरजेपेक्षा बाहेर ढकलण्याची सवय हे त्याचं नेहमीचं कारण. काही फ्रेमलॉकवर लॉकबारपाशी एक चकती बसवलेली दिसते, तिचं कामच लॉकबारला ठरावीक अंतरापुढे जाऊ न देणं हे आहे. रिक हिंडरर यांची ही कल्पना आता अनेकांनी उचलली आहे. ताण परत आणायला पातं काढलेल्या मुठीत लॉकबार अंगठ्याने आतल्या बाजूला, नेहमीच्या जागेच्या थोडं पलीकडे दाबा, सोडा आणि जोडून बघा. टायटॅनियम बराच वाकून पुन्हा जागेवर येतो, त्यामुळे पहिल्या खेपेला काहीच फरक दिसणार नाही. तरी प्रत्येक खेपेला अगदी थोडंच वाढवायचं. पक्कड लावायची नाही. ताण जास्त झाला तर गोळीचं घर्षण वाढतं, लॉक बुंध्याखाली जास्त आत जाऊन बसतो आणि सोडवताना अंगठा दुखतो. मग उलट वाकवणं आलं, आणि असं मागेपुढे वाकवत राहिलं की पट्टी जिथे पातळ केलेली असते तिथे तिला चीर जाऊ शकते.

जोडण्याचा क्रम चुकला तर सगळं वाया

स्वच्छ, नीट तेल घातलेला चाकूही जोडताना बिघडवता येतो. मुठीचे स्क्रू आधी पूर्ण आवळले आणि नंतर पिव्हट, तर दोन बाजू एकमेकींशी किंचित पिळलेल्या राहतात आणि पातं एका लायनरला टेकतं. म्हणून पिव्हट आधी फक्त टेकेपर्यंत फिरवा. मुठीचे स्क्रूही टेकेपर्यंतच. चाकू मिटा, पातं मधोमध आहे का ते फटीतून बघा, गरज वाटली तर मूठ बोटांनी दाबून जुळवा, मग मुठीचे स्क्रू एक सोडून एक असे आवळा. पिव्हट शेवटी.

पिव्हट किती आवळायचा? वॉशरच्या चाकूत पातं जड होईपर्यंत आवळा आणि मग एक अष्टमांश फेरा, किंवा त्याहूनही कमी, मागे या. चांगल्या बेअरिंगच्या चाकूत एवढं मागे यावं लागत नाही. पात्याचं बाजूचं हलणं थांबेल तिथे थांबायचं, आणि तिथेही पातं मोकळं फिरायला हवं. तिथे ते जड होत असेल तर बेअरिंग, वॉशर किंवा चाकोरीत दोष आहे, स्क्रूमध्ये नाही. हलणं तपासताना पातं उघडून लॉक झालेलं असावं आणि चिमटीत कण्याकडून (धारेच्या उलट कडेकडून), दोन्ही सपाट बाजूंवर धरलेलं असावं.

क्लिप सगळ्यात शेवटी लावा आणि लावल्यावर चाकू पुन्हा उघडून बघा. क्लिपचा किंवा मुठीचा लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर त्याचं टोक आत डोकावून पात्याला घासतं. क्लिप काढली की चांगला, लावली की जड, इतकं स्पष्ट लक्षण असूनही लोक पिव्हटशीच झगडत बसतात. पात्यावर नवा सरळ ओरखडा दिसला तर पहिला संशय याच स्क्रूवर घ्या.

पातं उडतं, पण लॉक धरत नाही

वेगाने उघडणाऱ्या चाकूत ही दुसरी बाजू तपासल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. पातं स्टॉप पिनवर (उघडताना ते जिथे थांबतं त्या खिळीवर) आदळून परत उसळलं आणि तोवर लॉकबार आत सरकला नाही, तर चाकू उघडा दिसतो पण लॉक झालेला नसतो. स्टॉप पिन आणि बुंध्याचा तिच्यावर टेकणारा भाग पुसा. तिथे चिकटलेला लवेचा थरही लॉकला पूर्ण आत येऊ देत नाही. तरीही उसळत असेल तर लॉकबारचा ताण कमी आहे, म्हणजे मऊ डिटेंटचंच कारण इथेही आहे.

लॉक चिकटणं हा वेगळा प्रकार. टायटॅनियमचा लॉकबार थेट पोलादी बुंध्याला भिडत असेल तर दोन धातू एकमेकांना धरतात आणि सोडवताना कचकन आवाज येतो. लॉकचा तोंडाकडचा भाग स्वच्छ करून त्यावर मऊ शिसपेन्सिल दोन-तीनदा घासा. ग्राफाइटचा थर काही दिवस टिकतो, तोवर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना सरावतात. लॉकबारला पोलादी टोक लावलेले चाकू यातून बरेच सुटतात.

शेवटी लॉकची परीक्षा: चाकू पूर्ण उघडा, बोटं पातं मिटण्याच्या वाटेतून बाहेर ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याच्या कण्यावर हळूहळू वाढता दाब द्या. टेबलावर आपटू नका, त्याने चांगला लॉकही बिघडतो. दाबाखाली लॉकबार बाहेर सरकताना दिसला, किंवा कण्याकडून दाबल्यावर पातं खालीवर हललं, तर चाकू कितीही सुंदर उडत असला तरी तो वापरातून काढा आणि बनवणाऱ्याकडे पाठवा. लॉकच्या तोंडाचा कोन घरी कानस लावून दुरुस्त होत नाही.